सह्याद्रीच्या पायथ्याशी खारे पाणी

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना समुद्र नाही. ठाणे जिल्हा म्हटला की खाडी, मिठागरे आणि कोळीवाडे डोळ्यांपुढे येतात; पण कल्याण मागे टाकून कसाऱ्याच्या किंवा माळशेजच्या दिशेने निघाले की भातखाचरे लागतात, सागाची राने लागतात आणि धरणे लागतात. इथले मासे गोड्या पाण्याचे. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारी वलगण, काळू आणि भातसा नद्यांच्या डोहांतला शिंगाळा, धरणातला रोहू आणि कटला. अशा भागातल्या वाचकासाठी समुद्रातले मासे आणि प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत कसे जगवावेत, या विषयावर मराठीत स्वतंत्र पुस्तक निघते आहे. त्याची गरज काय, हे आधी सांगायला हवे.

या छंदावर जे लिहिले गेले आहे, ते बहुतेक परदेशी शहरांत बसून लिहिलेले आहे, आणि त्यात बऱ्याच गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. नळाला चोवीस तास पाणी, खोलीत एसी, न जाणारी वीज, सांडपाण्याला भुयारी गटार आणि कोपऱ्यावर दुकान. आसनगाव-वासिंदच्या नव्या इमारतीत यांतले थोडेफार मिळेल. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे इथे राहणाऱ्याला ते लेखन जसेच्या तसे उपयोगी पडणार नाही. त्या परदेशी पुस्तकांतला सल्ला ऐकून त्याने टाकी मांडली, तर मे महिन्यात मासे मरतील आणि दोष मात्र तो स्वतःला देईल. हे पुस्तक त्या वाचकासाठी आहे.

समुद्र घरात आणण्याची खटपट जुनी आहे. १८४६मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनच्या घरी आणले. बदलायला ताजे समुद्राचे पाणी नव्हते, म्हणून उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतण्याचे काम घरातल्या मोलकरणीला दिले. ते प्रवाळ काही वर्षे जगले. हवा पाण्यात मिसळली पाहिजे, हे त्या बाईंना कोणत्याही पंपाच्या आधी कळले होते. १८५०मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, वनस्पती आणि गोगलगाई यांचा एकमेकांवर तगणारा समतोल मांडून दाखवला. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी या विषयावर पुस्तक लिहिले. कृत्रिम समुद्रपाणी कसे बनवावे, याची कृतीही गॉस यांनी त्याच काळात प्रसिद्ध केली. म्हणजे समुद्रापासून दूर राहणाऱ्याचा प्रश्न या छंदाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

आपल्याकडे या विषयाची ओळख झाली ती मरीन ड्राइव्हवर. १९५१मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेल्या. काचेपलीकडचे रंग पाहून परतलेल्या मुलांना घरी तसे काही करता येईल असे वाटले नाही, कारण ते मत्स्यालय समुद्राला लागून होते आणि आपले घर डोंगराला. १९६०च्या दशकात परदेशात तयार सॉल्ट मिक्स पुडीतून विकले जाऊ लागले, तेव्हा अंतराची ही अडचण तत्त्वतः संपली. तरीही आपल्या खेड्यांपर्यंत ती पुडी पोचायला बराच काळ गेला.

पुडीतल्या मिठाबद्दल इथेच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण नवशिक्यांचे पहिले नुकसान इथे होते. समुद्राचे पाणी म्हणजे पाणी अधिक स्वयंपाकाचे मीठ नव्हे. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार त्यात असतात, आणि त्यांत सोडियम व क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते. प्रवाळ आपला सांगाडा याच कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून उभारतो. खडेमीठ विरघळवून मासा काही दिवस तगेल. प्रवाळ तगणार नाही.

मासे-प्रवाळ सांभाळण्याच्या पद्धती पुढे कशा बदलत गेल्या, हे समजून घेतले की बाजारातला गोंधळ कमी होतो. एके काळी समुद्री टाकी म्हणजे पांढरा मेलेला प्रवाळ, तळाशी फिल्टर आणि दर काही महिन्यांनी मरणारे मासे, एवढेच होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी उलटा मार्ग दाखवला. समुद्रातून जिवंत जीवाणू आणि बारीक जीव असलेले खडक आणायचे, हवेचे बुडबुडे सोडायचे, भरपूर उजेड द्यायचा आणि बाकी काम खडकावर सोपवायचे. त्यांचे प्रवाळ वाढले. पण त्यांना समुद्र जवळ होता. बर्लिनच्या छंदिष्टांनी १९७०-८०च्या दशकांत त्याच कल्पनेला प्रोटीन स्किमरची जोड दिली. बारीक बुडबुड्यांना चिकटणारी सेंद्रिय घाण फेसासोबत वर आणून बाहेर काढणारे हे साधे यंत्र. खडक, स्किमर आणि तीव्र प्रकाश या तीन गोष्टींवर आजच्या बहुतेक प्रवाळांच्या (रीफ) टाक्या उभ्या आहेत. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शेवाळ मुद्दाम वाढवून, ते खरवडून पाणी स्वच्छ ठेवण्याची पद्धत विकसित केली. मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट संपवून दाखवले. अलीकडे पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातली मूलद्रव्ये एकेक मोजून घेण्याची आणि त्यानुसार द्रावणे घालण्याची रीत रुजली आहे.

या सगळ्या पद्धती काम करतात. या पुस्तकाच्या लेखकांनी बर्लिन पद्धतीचे साधे, कमी माशांचे रूप आणि जोडीला शेवाळाचा छोटा कप्पा निवडला आहे. माझेही मत तेच. शहापुरात बसलेल्या माणसाला महिन्याच्या महिन्याला नमुने पाठवणे परवडत नाही, आणि बाटल्यांतली द्रावणे ओतत बसण्यापेक्षा मासे कमी ठेवणे केव्हाही खात्रीचे. दोनशे लिटरच्या टाकीत तीन-चार लहान मासे पुरे. दुकानदार दहा घ्यायला सांगेल.

पायाभूत विज्ञान थोडे आहे, पण त्यातला एकही धडा गाळता येत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जीवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. हे जीवाणू खडकांवर आणि वाळूत वस्ती करेपर्यंत सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे जातात, आणि तोवर टाकीत मासा सोडणे म्हणजे त्याला विषात सोडणे. आपल्याकडचा काळा पाषाण घट्ट असतो, जीवाणूंना राहायला त्यात पोकळ्या कमी; म्हणून सच्छिद्र चुनखडीचा कोरडा खडक घ्यावा लागतो. पाण्याची आवश्यक मोजमापे मोजकीच : तापमान २५ ते २७ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास, पीएच ८.० ते ८.४, अमोनिया शून्य. आणि प्रवाळ असतील तर अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम लिटरला साधारण १३०० मिलिग्रॅम. या आकड्यांपेक्षाही त्यांचे स्थिर राहणे महत्त्वाचे. अल्कलिनिटी साडेआठ असो की दहा, प्रवाळाला चालते. एका दिवसात साडेआठची अकरा झाली, तर मात्र तो पेशी गाळू लागतो.

आता पाण्याकडे येतो. या पुस्तकाचा गाभा तोच आहे आणि या दोन तालुक्यांत तोच सर्वांत अवघड प्रश्न आहे.

तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते, आणि एकट्या भातशातून मुंबईचे जवळपास निम्मे पाणी जाते. त्याच शहापूर तालुक्यातल्या गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. अशा ठिकाणी पाण्याचा छंद करणाऱ्याने आधी हिशेब मांडला पाहिजे. समुद्री टाकीला लागणारे मूळ पाणी शुद्ध हवे. बोअरचे पाणी बसाल्टच्या खडकातून येते. त्यात कठीणपणा असतो आणि सिलिकाही भरपूर असते, त्यामुळे टाकीत तपकिरी शेवाळ माजते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. यावर सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे आरओ. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. दोनशे लिटरची टाकी एकदा भरायची, तर आठशे लिटर पाणी लागले. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचे आहे. पाच माणसांच्या घराचे हे जवळपास तीन दिवसांचे पाणी झाले. त्यापुढे बाष्पीभवन आहेच. एप्रिलमध्ये पंखा लावलेल्या टाकीतून रोज तीन-चार लिटर पाणी उडते. क्षार मागे राहतात, म्हणून भर घालायची ती गोड्या शुद्ध पाण्याची. म्हणजे पुन्हा आरओ, पुन्हा चौपट पाणी. बाहेर टाकलेले पाणी भांडी-कपडे-संडासाला वापरता येते, आणि ज्यांच्याकडे आरओखेरीज इलाज नाही त्यांनी ते वापरलेच पाहिजे.

पण इलाज आहे, आणि तो वर्षाला चार महिने आपल्या छपरावर पडतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, सिलिका नसते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. दहा चौरस मीटरचे स्वच्छ प्लास्टिक अंगणात ताणून धरले आणि शंभर मिलिमीटर पाऊस झाला, की हजार लिटरची टाकी भरते. जुलैत शहापूर-मुरबाडला एवढा पाऊस दोन-तीन दिवसांत होऊन जातो. दोनशे लिटरच्या टाकीला पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांत भर आणि पाणीबदल मिळून बाराशे-तेराशे लिटर लागतात. म्हणजे दोन साठवण टाक्यांत वर्ष निभते, गावाच्या एका थेंबालाही हात न लावता. पथ्ये मोजकी आहेत : पहिल्या सरी सोडून द्यायच्या, कारण त्यांत धूळ आणि पक्ष्यांची घाण असते, पत्र्यावरचे पाणी घ्यायचे नाही, कारण त्यातले जस्त कोळंबी आणि प्रवाळ यांना मारते, पाणी कार्बन आणि डीआय (उरलेले क्षार काढणाऱ्या) राळेतून गाळायचे, आणि काळ्या, झाकणबंद टाकीत ठेवायचे. शहरातल्या इमारतीत राहणाऱ्याला हे सहज जमत नाही. आपल्याला जमते. या छंदाची परदेशी पुस्तके वाचताना आपल्याकडे काय नाही याचीच यादी होते. पावसाचे पाणी हे आपल्याकडे असलेले सर्वांत मोठे भांडवल आहे, आणि लेखकांनी संपूर्ण पुस्तक त्यावर उभे केले हे मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे काम वाटते.

पाणी आत आणण्याइतकेच ते बाहेर कुठे टाकायचे हेही महत्त्वाचे. दोनशे लिटरच्या टाकीत सात किलो क्षार असतात. पंधरा दिवसांनी वीस लिटर बदलले, तर प्रत्येक वेळी सातशे ग्रॅम. ते पाणी परसात, भाताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ ओतले, तर जमीन खारावते. ओढ्यात ओतले, तर तिथले जीव मरतात, आणि टाकीतले परके जीवजंतूही त्यासोबत बाहेर जातात. उन्हाळ्यात उथळ परातीत ते वाळवावे आणि उरलेला क्षार कचऱ्यात द्यावा. भाईंदर-वसईच्या मिठागरांवर हेच पिढ्यान्‌पिढ्या ऊन करत आले आहे.

उष्णता आणि वीज हे पुढचे दोन प्रश्न. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शेवाळे त्याला अन्न पुरवतात. पाणी काही दिवस तिशीच्या वर राहिले, की प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो, पांढरा पडतो आणि उपाशी मरतो. पाण्यावर वारा घालणारा साधा पंखा कोरड्या हवेत तापमान दोन-तीन अंशांनी उतरवतो. मात्र जूनच्या सुरुवातीला, पाऊस धरलेला असतो आणि हवा दमट होते, तेव्हा बाष्पीभवन मंदावते आणि पंखा कुचकामी ठरतो. तेच पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे. वीजही नेमकी तेव्हाच, पहिल्या वादळात, तासन्‌तास जाते. गरम आणि खाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पंप बंद पडला की मासे काही तासांत गुदमरू लागतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्यावा, मासा नंतर. पावसाळ्यात वायरींवर क्षार साचून शॉर्ट होण्याची भीती असते. बोर्ड टाकीच्या वर आणि बाजूला असावा, खाली कधीच नसावा.

मासे आणायचे कुठून? कुर्ल्याचा किंवा क्रॉफर्ड मार्केटचा बाजार गाठायचा तर आसनगावकराला कसारा लोकल आहे. मुरबाडकराला आधी कल्याणपर्यंत एसटी. पिशवीतल्या लांबच्या प्रवासात माशाच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो, आणि साचलेला अमोनिया त्यामुळेच कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया मारक होतो. म्हणून तापमान जुळवून, खारेपणा तपासून माशाला लवकर बाहेर काढायचे. उघड्या पिशवीत तासभर थेंब थेंब पाणी घालत बसायचे नाही. दुकानात याच्या उलट सांगतात. बाहेर काढल्यावरही तो थेट मुख्य टाकीत जाऊ नये. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, एकदा खडकांत शिरला, की टाकी अडीच महिने माशांविना ठेवल्याशिवाय जात नाही. त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळ आणि कोळंबीला विष आहे. वेगळी, रिकामी, साधी टाकी आणि महिनाभराचा धीर यांतून बहुतेक मरणे टळतात.

प्रवाळांबाबत कायदा नीट वाचून घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१मध्ये सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि सर्व समुद्रघोडे आले. २०२२च्या दुरुस्तीनंतरही हे संरक्षण कायम आहे. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या खडकावरून तुकडा तोडून आणणे हा वाघाच्या शिकारीच्याच अनुसूचीतला गुन्हा आहे. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या सजीवांचेही कागद मागावेत आणि वन विभागाकडे खातरजमा करावी. २०२४च्या नियमांनी संबंधित विदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवर परिवेश पोर्टलवर नोंदणीचे बंधन घातले आहे. कागद नसलेला प्रवाळ कितीही देखणा असला तरी घेऊ नका, असे लेखकांनी निःसंदिग्ध लिहिले आहे. मी त्यात समुद्रातून पकडलेल्या माशांचीही भर घालेन. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडले गेले आहेत. असे अनेक मासे आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात, आणि मागे राहिलेला प्रवाळही मरतो.

त्याला उत्तर आता आपल्याच जिल्ह्याच्या वेशीवर आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिश आणि डॅमसेल माशांची हॅचरीत पैदास करण्याचे तंत्र बसवले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभी केली. हॅचरीतला क्लाउनफिश पहिल्या दिवसापासून टाकीतले खाद्य खातो, रोग कमी आणतो, आणि नीट सांभाळला तर वीस वर्षे जगू शकतो. नवशिक्याने पहिला मासा तोच घ्यावा. कितीही आवडला तरी निळा टँग घेऊ नये. तो फूटभर वाढतो. मँडरिन मासा तर जिवंत सूक्ष्म जीवांवर जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो.

या विषयाची आज निकड का, तेही सांगतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत तापलेल्या समुद्राने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पाडले. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी-हाजी अलीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२०मध्ये उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हेच अनेकांना पहिल्यांदा कळले. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, अँग्रिया बँकेवर, मोठे प्रवाळक्षेत्र आहे. महाराष्ट्रातल्या किती शाळांत ते शिकवले जाते? घरातली एक टाकी समुद्र वाचवत नाही. पण ज्या मुलाने दोन अंशांच्या फरकाने प्रवाळ मिटताना स्वतः पाहिला आहे, त्याला समुद्राचे तापमान वाढणे म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. शहापूर-मुरबाडच्या शाळांत अशा टाक्या झाल्या, तर मला फार आनंद होईल.

लेखकांनी मोठा आव आणलेला नाही. शंभर प्रजातींची रंगीत जंत्री इथे मिळणार नाही. एकच आकार, दोनशे लिटरची टाकी, धरून तिचे एक वर्ष जूनपासून मेपर्यंत मांडले आहे : कोणत्या महिन्यात हवा कशी, पाणी किती, धोका कोणता, आणि सोपा उपाय कोणता. महागड्या उपकरणाला पर्याय असेल तर तो दिला आहे, नसेल तर तसे स्पष्ट लिहिले आहे. मेमध्ये प्रवाळ ठेवायचे तर चिलर किंवा थंड खोली लागतेच, हे त्यांनी लपवलेले नाही. ज्याला ते परवडत नाही त्याने फक्त माशांची टाकी करावी. तीही कमी नाही.

वाचकाला एवढेच सांगणे आहे की घाई करू नका. जूनमध्ये साठवणीच्या टाक्या घ्या. जुलैत पाणी भरून ठेवा, श्रावणात खडक मांडून जीवाणूंना वाढू द्या, गणपतीनंतर अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहेत का ते सलग दोन आठवडे तपासा. मग दिवाळीच्या सुट्टीत हॅचरीतल्या क्लाउनफिशची जोडी आणा, आणि पहिला उन्हाळा पार पडेपर्यंत दुसरे काही आणू नका.